प्रोग्रामिंगचे पहिले पुस्तक कोणते घ्यावे?



गेल्या सुट्टीत माझा भाचा एक जाडजूड पुस्तक घेऊन आमच्या घरी आला. त्याच्या आईने पगारातले पैसे बाजूला ठेवून ते घेऊन दिले होते. पायथन ही संगणकाची भाषा त्यातून शिकायची, असा त्याचा बेत होता. चौथ्या दिवशी तो तोंड पाडून बसला. "मामा, पहिलाच प्रोग्राम चालत नाही. हे आपल्या डोक्याचं काम नव्हे."

मी काही संगणकाचा जाणकार नव्हे. पण माझे एक पुण्याचे स्नेही सौदी अरेबियात हाइल या गावी संगणक शिकवायला असतात. त्यांना फोन लावला. मुलगा किती हुशार आहे, कोणत्या इयत्तेत आहे, हे काही त्यांनी विचारले नाही. म्हणाले, "पुस्तकाचं पहिलं पान उलटा आणि छापल्याचं साल सांगा."

साल होते २००७.

"मग पोराचा दोष नाही," ते म्हणाले. पायथनची तिसरी पिढी डिसेंबर २००८ मध्ये आली आणि तिने जुने काही नियम मोडले. पडद्यावर अक्षरे उमटवणाऱ्या 'प्रिंट' या आज्ञेला पूर्वी कंस लागत नसे, आता लागतो. दुसऱ्या पिढीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद झाली. पुस्तक जुन्या पिढीचे आणि यंत्रावर नवी, मग पहिली ओळ चालणार कशी? निदान ही चूक यंत्र दाखवून तरी देते. सातला दोनने भागले की जुने पायथन तीन म्हणे, नवे साडेतीन म्हणते, आणि तेथे यंत्र तक्रार करीत नाही. असे पुस्तक दुकानदाराने नव्याच्या भावाने विकले, याचा मला अजून राग आहे.

आता हाइलविषयी थोडे. हे शहर रियाधच्या वायव्येस सुमारे ६०० किलोमीटरवर, अजा आणि सलमा या डोंगरांच्या मुलखात आहे. दानशूर म्हणून अरबी कथांत गाजलेला हातिम ताई याच भागातला. तेथे २००५ साली विद्यापीठ झाले आणि त्यात संगणकाचे महाविद्यालय आहे. मुले शाळेत सगळे अरबीतून शिकून येतात आणि संगणकाची पुस्तके मात्र समोर येतात इंग्रजी. अरबी पुस्तक घ्यावे तर निराळीच गंमत: मजकूर उजवीकडून डावीकडे आणि प्रोग्राम डावीकडून उजवीकडे. एकाच पानावर डोळ्यांना दोन्ही दिशांनी पळावे लागते.

आमचे स्नेही तेथे एक युक्ती करतात. तीन पुस्तकांतला एकच धडा, तोही 'लूप'चा, म्हणजे तेच काम यंत्राकडून पुन:पुन्हा करवून घेण्याचा, विद्यार्थ्याला घरी नेऊ देतात. सकाळी विचारतात, कोणत्या पुस्तकातले उदाहरण पुस्तक मिटून स्वत: लिहिता आले? ते पुस्तक त्याचे. पहिला धडा सगळ्याच पुस्तकांत सोपा असतो, म्हणून त्यावरून निवडायचे नाही, असे त्यांचे म्हणणे. मला हे पटले. आपणही दुकानात पहिलीच चार पाने वाचतो आणि फसतो.

नावाजलेले पुस्तक तेवढे चांगले, असाही एक समज आहे. सी भाषेवरचे कर्निघन आणि रिची यांचे पुस्तक १९७८ साली निघाले. त्यातले रिची हे तर त्या भाषेचे निर्माते. १९८८ ची दुसरी आवृत्ती अवघ्या २७२ पानांची आहे आणि जाणकार तिला आजही मानतात. पण वाचकाला प्रोग्रामिंगची थोडी तोंडओळख आहे असे धरूनच ते लिहिले आहे, आणि लेखकांनी प्रस्तावनेत तसे सांगितलेही आहे. प्रस्तावना कोण वाचतो! नवशिक्याच्या हाती ते दिले की तो दहाव्या पानावर स्वत:ला मठ्ठ समजू लागतो.

या जागी नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे नाव घ्यावेसे वाटते. त्यांच्या 'लेट अस सी' या पुस्तकाच्या पंधराहून अधिक आवृत्त्या निघाल्या आणि भारतातल्या कितीतरी मुलांचे ते सीचे पहिले पुस्तक ठरले. त्याचे कारण सांगायला पंडित नको. इंग्रजी साधे, वाक्ये छोटी. आधी अक्षरे, मग शब्द, मग वाक्य, मग परिच्छेद, अशी आपण भाषा शिकतो तशीच सी शिकायची, असे ते आरंभीच समजावतात. ज्याने इंग्रजी घरी नव्हे, शाळेत उचलले, त्याच्यासाठी हे लिहिणे आहे. आपली मुले घरी क्रियोल बोलतात आणि पुस्तके इंग्रजी वाचतात, म्हणून हे आपल्यालाही लागू.

मात्र येथेही साल पाहावे. जुन्या आवृत्त्यांतली उदाहरणे 'टर्बो सी'च्या निळ्या पडद्यासाठी लिहिलेली आहेत. पडदा पुसण्याची त्यातली आज्ञा आजच्या 'जीसीसी' कंपायलरला ठाऊकच नाही. टर्बो सीमध्ये साधा पूर्णांक ३२,७६७ च्या पुढे जात नसे, आज तो दोनशे कोटींच्या पुढे जातो. थोरल्या भावाची प्रत धाकट्याला देताना हे सांगून द्यावे.

भाषा कोणती घ्यावी, हे आधी शाळेत विचारा. एचएससीच्या केंब्रिज संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला पायथन, जावा किंवा व्हिज्युअल बेसिक चालते. शाळेत शिकवतात त्या भाषेचेच पुस्तक घेतले तर अडल्यावर विचारायला माणूस मिळतो. आणि आपल्या आजी-आजोबांच्या भाषेतून ऐकायचे असेल तर मुंबईच्या आयआयटीने 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचे छोटे ध्वनिचित्रपाठ केले आहेत. त्यांत सी, जावा, पायथन आहे आणि निवेदन मराठीतही आहे. पडद्यावरचा प्रोग्राम इंग्रजीच राहतो, समजावणारा आवाज तेवढा मराठी. एक पाठ ऐकायचा, तसेच करून पाहायचे, मग पुढचा. घरातल्या वडीलधाऱ्यांनीही शेजारी बसावे, मराठी कानावर पडते हा वेगळा लाभ.

भाच्याला स्नेह्यांनी ॲलन डाउनी या अमेरिकन प्राध्यापकांचे 'थिंक पायथन' सुचवले. लेखकानेच ते विनामूल्य उतरवून घेऊ दिले आहे. फक्त २०१५ ची दुसरी किंवा २०२४ ची तिसरी आवृत्ती घ्यायची, पहिली नाही, कारण ती जुन्या पायथनची. भाच्याने हाइलची रीत पाळली, सरळ लूपचा धडा काढला आणि रात्री जेवणाच्या वेळी सतराचा पाढा पडद्यावर उतरवून आईला बोलावले.

जाड पुस्तक अजून कपाटावर आहे. दुकानदार परत घ्यायला तयार नाही.