पूल नव्हता तेव्हा नर्मदा ओलांडायची कशी?

इंदूरहून खंडव्याला जाताना मोरटक्क्याचा पूल येतो. बस किंवा गाडीतून आपण हात जोडतो, कुणी खिडकीतून नाणे टाकते आणि दोन मिनिटांत पैलतीर येतो. पण आपले पणजोबा-खापरपणजोबा पुण्या-साताऱ्याकडून, कोकणातून माळव्यात आले, तेव्हा हीच दोन मिनिटे साऱ्या प्रवासातली सर्वांत धाकधुकीची असायची.

आपल्याकडची बरीच मराठी घराणी होळकरांच्या फौजेबरोबर किंवा त्यांच्या कारभारात आली. १८१८ च्या मंदसौर तहानंतर इंदूर राजधानी झाले आणि येणाऱ्यांची संख्या वाढली. कुणी कारकून, कुणी भिक्षुक, कुणी वैद्य. वाटेत सातपुडा लागायचा आणि मग नर्मदा. अकबरपूर-खलघाट, महेश्वर, मंडलेश्वर ही उतरण्याची ठिकाणे. १८५७ साली वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेकडे निघाले, तेव्हाही या वाटेवर पूल नव्हता. त्यांचे ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापले गेले. घरातल्या तरुणांनी ते जरूर वाचावे.

नदी उतरण्याचे वेळापत्रक पावसाच्या हाती असे. पूर आला की नावा बंद, आणि मुक्काम काठावरच. म्हणून फौजा दसऱ्याचे सीमोल्लंघन करून निघत. चिमाजीअप्पांनी नर्मदा ओलांडली ती १७२८ च्या नोव्हेंबरात, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस अमझेऱ्याची लढाई जिंकली. पाणी उतरले की काही ठिकाणी बैलगाड्या उथळ पात्रातून जात. एरवी सामान उतरवायचे, गाडी नावेवर चढवायची आणि बैलांना पोहत न्यायचे. पाण्याची ओढ कुठे आहे, खडक कुठे आहे, हे फक्त नावाड्याला ठाऊक. राजा असो की रंक, तेवढा वेळ सगळ्यांचा जीव त्याच्या हाती.

अमेरिकेत असलेल्या आपल्या मुलांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. तिकडेही पश्चिमेकडे निघालेल्या कुटुंबांच्या गाड्यांना नद्या आडव्या येत. १८४७ मध्ये नॉर्थ प्लॅट नदीवर मॉर्मन लोकांनी नऊ माणसे मागे ठेवून तर सुरू केली. मागून येणाऱ्या गाड्यांकडून ते उतरण्याचा मोबदला पिठाच्या रूपातही घेत. तिथे त्या वाटांची संग्रहालये आहेत, नकाशे आहेत. आपल्या वाटेचे काय?

आपली खूण महेश्वरसमोरच आहे. अहिल्याबाईंच्या घाटावर उभे राहिले की पलीकडे नावडाटोली दिसते. नावडाटोली म्हणजे नावाड्यांची वस्ती. १९५० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा साडेतीन हजार वर्षांपूर्वीची घरे, रंगीत भांडी आणि धान्य सापडले. महेश्वर राजधानी होण्याच्या कितीतरी आधी त्या काठावर माणसे नांदत होती.

पुढे महाराजा तुकोजीराव होळकर दुसरे यांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. १८७६ मध्ये नर्मदेवरचा रेल्वेपूल झाला आणि नावेची गरज हळूहळू सरली. नावाडी मात्र पुस्तकांत राहिले नाहीत. सरदारांची नावे आपल्याला पाठ आहेत. त्यांना पार नेणाऱ्या एकाचेही नाव आपल्याला सांगता येत नाही.

इकडच्या हिंदीत नावेच्या भाड्याला ‘उतराई’ म्हणतात. मराठीत ‘उतराई होणे’ म्हणजे ऋणातून मोकळे होणे. हे ऋण आपण अजून फेडलेले नाही. सुरुवात घरातूनच करता येईल. या दिवाळीत आजी-आजोबांना विचारा: आपले घराणे कोणत्या गावाहून आले, कोणत्या घाटाने उतरले, सोबत काय आणले? उत्तर वहीत लिहून ठेवा, जुनी कागदपत्रे असतील तर त्यांचे फोटो काढा. आणि पुढच्या वेळी महेश्वरला गेलात, तर किल्ला पाहून लगेच परतू नका. नावेत बसा, नावाड्याशी दोन शब्द बोला आणि त्याला त्याचे नाव विचारा.