संगणकाचे बिऱ्हाड हलवताना

आमच्या भागातल्या एका दूध संस्थेच्या कचेरीत एक सर्व्हर कित्येक वर्षे घोंघावत होता. पेटी एकच, पण तिच्या पोटात पाच संगणक नांदत. एकात दुधाच्या मापाचा हिशेब, दुसऱ्यात सभासदांची दर दहा दिवसांची बिले, बाकीच्यांत इतर कामे. हे पाच संगणक हाताला लागत नाहीत, म्हणून त्यांना आभासी संगणक किंवा व्हर्च्युअल मशीन म्हणायचे. कल्पना काही नवी नव्हे. आयबीएम कंपनीने आपल्या मोठ्या यंत्रांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ सालीच आणली होती.

पेटी म्हातारी झाली, नवी आली. आता या पाच जणांचे बिऱ्हाड हलवायचे. पुष्कळांना वाटते, नक्कल केली की झाले. नक्कल यंत्र करते हो! आपण करायचे काम त्याच्या आधीचे : नव्या पेटीत प्रत्येकाला जागा आखून द्यायची. अशा आखलेल्या जागेला व्हॉल्यूम म्हणतात. आभासी संगणकाला तीच आपली डिस्क वाटते.

पहिला प्रश्न, जागा किती? येथे एक लबाडी चालते आणि ती उपयोगीही आहे. पाचही संगणकांना प्रत्येकी ५०० जीबी कबूल करायचे, आणि डिस्कवर जागा असते २००० जीबी. कागदावर २५०० वाटले. जो जेवढे लिहील तेवढीच जागा खरोखर खर्ची पडते, म्हणून हे निभावते. याला थिन पद्धत म्हणतात. परंतु डिस्क भरली, की कबूल केलेली जागा मिळत नाही आणि एक नव्हे, पाचही संगणक अडून बसतात. शिवाय हलवताना पुष्कळदा रिकामी जागाही शून्ये लिहून भरली जाते. जुन्या घरी १२० जीबीत मावणारा संगणक नव्या घरी पुरते ५०० अडवतो. त्यासाठी नव्या व्हॉल्यूमवर डिस्कार्ड ही सोय चालू ठेवावी आणि हलवून झाल्यावर आतून ट्रिम चालवावे, म्हणजे रिकामी जागा परत मिळते.

दुसरा प्रश्न, ठोकळा केवढा? हे जरा सावकाश ऐका. झेडएफएस नावाची साठवणपद्धत व्हॉल्यूममधला मजकूर ठरावीक मापाच्या ठोकळ्यांत लिहिते. सहा डिस्का आहेत, त्यांतल्या दोन बिघडल्या तरी मजकूर वाचावा अशी रेडझेड-२ची मांडणी आहे, आणि डिस्कचा लहानात लहान खण ४ केबीचा आहे, असे धरू. ठोकळा ८ केबीचा असेल तर मजकुराचे दोन खण, राखणीचे दोन, असे चार झाले. पण या मांडणीत खण तिनाच्या पटीत घ्यावे लागतात, म्हणून सहा गेले : २४ केबी. ठोकळा १६चा केला तर मजकुराचे चार, राखणीचे दोन, मिळून सहाच. खर्च तेवढाच, मजकूर दुप्पट! शिक्षक मंडळींनी हे फळ्यावर मांडून दाखवावे, मुलांना मौज वाटेल. म्हणून १२८चा ठोकळा घ्यावा असे मात्र नाही. हिशेबातली एक ओळ बदलायला सबंध ठोकळा पुन्हा लिहावा लागतो. मूळ नेमणूक पूर्वी ८ची असे, २०२३च्या आवृत्तीपासून ती १६ची झाली. आणि व्हॉल्यूम एकदा केले की हे माप बदलता येत नाही. नवे व्हॉल्यूम करून सारे पुन्हा हलवा!

विंडोजवाल्या संगणकाची एक खोड आहे. नव्या घरची डिस्क व्हर्टआयओ पद्धतीने जोडली आणि तिचा ड्रायव्हर आत नसला, तर तो निळा पडदा दाखवून सुरूच होत नाही. आधी त्या पद्धतीची एक लहानशी जादा डिस्क जोडून ड्रायव्हर बसवून घ्यावा, मग मुख्य डिस्क बदलावी.

आता माझीच फजिती सांगतो. त्या बिलांच्या संगणकावर कुणीतरी महिन्यापूर्वी स्नॅपशॉट घेऊन ठेवला होता. तो घेतला की मूळ फाइल तेथेच थांबते आणि पुढचे सगळे लिखाण वेगळ्या फाइलीत जाते. मी आपली मूळ फाइलच तेवढी उचलून आणली. संगणक उत्तम चालू झाला, आणि त्यात मागच्या महिन्याचे हिशेब! मधली तीन बिले, शेकडो सभासदांच्या दुधाचे पैसे, कोठेच नाहीत. संस्थेचे चिटणीस माझ्याकडे नुसते पाहत राहिले. जुनी पेटी अजून पुसली नव्हती म्हणून अब्रू वाचली. परत जाऊन स्नॅपशॉट मुळात मिळवून घेतले, संगणक रीतसर बंद केला, आणि मग नक्कल केली. ती पेटी पुढची दोन बिले निघून सभासदांच्या हाती पैसे पडेपर्यंत तशीच कोपऱ्यात ठेवली होती.