जोर कुठे द्यायचा?

नारायणगावजवळ खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, त्यांतल्या 14 खोडदच्या आवारात एकवटलेल्या आणि बाकीच्या दूरवरच्या शिवारांत पसरलेल्या. 28 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त तिथे प्रदर्शन भरतं. जुन्नर-आंबेगावच्या शाळांतली मुलं आपापले प्रयोग मांडतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगतात. विषय त्यांना पक्का कळलेला असतो. पण अशा मुलांवर इंग्रजीत बोलायची वेळ आली, की ती बहुधा ‘ॲस्ट्रॉनॉमी’ हा शब्द चारही अक्षरांना सारखं वजन देत म्हणतात आणि बाहेरून आलेला ऐकणारा क्षणभर अडखळतो.

इंग्रजीत तो शब्द साधारण ‘अस्ट्रॉनमी’ असा उच्चारतात. सगळा जोर ‘स्ट्रॉ’वर, बाकीची अक्षरं आखडलेली. ‘ॲस्ट्रनॉमिकल’ म्हणताना जोर उडी मारून ‘नॉ’वर जातो आणि मघाशी ठसठशीत असलेला ‘स्ट्रॉ’ मिटून ‘स्ट्र’ होतो. टेलिस्कोपमध्ये जोर ‘टे’वर असतो, टेलिस्कॉपिकमध्ये ‘स्कॉ’वर. मराठीत असं होत नाही. आपण भावनेच्या भरात एखाद्या अक्षरावर जोर देतो, पण त्यानं शब्द बदलत नाही. इंग्रजीत ‘रेकॉर्ड’चा पहिला भाग जोरात म्हटला तर ते नाम, दुसरा म्हटला तर क्रियापद. जोर म्हणजे नुसता मोठा आवाज नव्हे. ते अक्षर लांबतं, आवाजाची पट्टी चढते किंवा वळते आणि शेजारच्या अक्षरांतले स्वर विरून एका आखूड ‘अ’सारखे होतात. इंग्रजी बोलण्यात सर्वांत जास्त वेळा येणारा स्वर हाच. आपल्या ‘कमळ’मधला ‘अ’ त्याच्या अगदी जवळचा आहे. म्हणजे जो स्वर परदेशी समजून आपण दबकतो, तो आपल्या जिभेवर जन्मापासून आहे.

मग अडतं कुठे? लिहिण्यात. वहीत इंग्रजी शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहायची आपली पद्धत चांगलीच आहे, पण त्यात इंग्रजी ‘ओ’ दिसला की ऑ किंवा ओ आणि ‘ए’ दिसला की ॲ लिहिला जातो. 2009च्या शासन निर्णयानं ॲ आणि ऑ यांना मराठी वर्णमालेत रीतसर जागा दिली, ते योग्यच झालं. ‘बॅट’ आणि ‘हॉट’ला ते हवेतच. प्रत्येक अक्षराला मात्र ते चालत नाहीत. नारायणगावच्या बाजारात क्रेट उतरवणारा कुणी ‘टमाटा’ म्हणतो, तेव्हा त्याची पहिली दोन अक्षरं पुस्तकी ‘टोमॅटो’पेक्षा ब्रिटिश उच्चाराला जास्त जवळची असतात: आधी आखूड अ, मग लांब आ. शाळेत त्याच उच्चाराला गावंढळ म्हणून हसतात, याचा मला राग येतो.

हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेतले आर. के. बन्सल यांनी भारतीयांचं इंग्रजी इतरांना कितपत समजतं याचा अभ्यास केला. तो 1969मध्ये पुस्तकरूपानं आला. न समजण्याच्या कारणांत चुकीच्या अक्षरावर पडणारा जोर हे त्यांना एक मोठं कारण दिसलं. ‘गेट’, ‘बोट’ हे आपण सरळ ए-ओनं म्हणतो, इंग्रज ते स्वर किंचित वळवतात. तो फरक राहिला तरी काही बिघडत नाही. मराठी वळणाच्या इंग्रजीची लाज बाळगायचं कारण नाही. जोर चुकला तर मात्र शब्दच हरवतो.

राज्यात 2000पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. स्पेलिंगांवर जेवढा घाम गळतो, त्यातला थोडा इकडे वळायला हवा, आणि त्यासाठी लागणारं हत्यार मराठीच्या तासालाच हाताशी आहे. वृत्त शिकताना मुलं अक्षरांवर लघु-गुरूच्या खुणा करतात. इंग्रजी शब्दातल्या जोराच्या अक्षरावर तीच गुरूची आडवी रेघ द्यावी, बाकीच्यांवर लघुची खूण. मराठीत लघु-गुरू अक्षराच्या रूपावरून ठरतात, इंग्रजीतला जोर शब्दागणिक ठरतो, एवढं आधी सांगून ठेवावं लागेल.

तिथेही सगळा अंधार नाही. ‘-शन’नं संपणाऱ्या शब्दांत जोर त्याच्या लगेच आधी येतो: एज्युकेशनमध्ये ‘के’वर, इरिगेशनमध्ये ‘गे’वर. ‘-इक’चंही बहुतेक तसंच, पॉलिटिक आणि अरिथ्मटिकसारखे काही हट्टी शब्द सोडले तर. जिऑग्रफी, बायॉलजी, इकॉनमी यांत शेवटून तिसरं अक्षर धरायचं. शाळेच्या वेळापत्रकातले निम्मे विषय एवढ्यात सुटतात. उरलेल्यांसाठी शब्दकोश आहे. त्यात उच्चार दाखवताना जोराच्या अक्षराच्या अगदी आधी, वरच्या बाजूला, एक बारीक उभी रेघ असते. पाचवीतल्या मुलाला ती रेघ ओळखायला एक तास पुरतो. फोनमधल्या शब्दकोशात तोच शब्द ऐकूनही पडताळता येतो.