इन्व्हर्टरला बॅटरी किती मोठी हवी?

घरगुती इन्व्हर्टरची बॅटरी निवडताना हिशेब घरातल्या उपकरणांपासून सुरू व्हायला हवा. दुकानात तो बहुधा उलट्या बाजूने सुरू होतो. ‘१५० एएच घ्या, चार तास आरामात जातील’ असे सांगितले जाते. त्या चार तासांत घरात काय काय चालणार आहे, हे फारसे कोणी विचारत नाही. खरे तर बॅटरीचा आकार ठरतो तो त्यावरच.

इन्व्हर्टरवर लिहिलेला ‘व्हीए’चा आकडा एका वेळी किती भार पेलेल एवढेच सांगतो. तो भार किती वेळ चालेल, हे बॅटरी ठरवते. त्यामुळे मोठा इन्व्हर्टर घेऊन वेळ वाढत नाही. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-तास, म्हणजेच एएच, असे दोन आकडे असतात आणि त्यांच्या गुणाकारातून साठा कळतो. १२ व्होल्ट आणि १५० एएचच्या बॅटरीत कागदोपत्री १,८०० वॅट-तास असतात. हातात पडतात ते याहून बरेच कमी.

एका साध्या घराचा हिशेब पाहू. ९ वॅटचे चार एलईडी दिवे, ७५ वॅटचे दोन जुने पंखे, ६० वॅटचा टीव्ही आणि १० वॅटचा वायफाय राउटर, असा एकूण भार २५६ वॅट होतो. वीज चार तास गेली तर लागतात १,०२४ वॅट-तास. बॅटरीतल्या डीसी विजेची एसी करताना इन्व्हर्टर स्वतः साधारण पाचवा हिस्सा खर्च करतो. म्हणजे बॅटरीतून १,२८० वॅट-तास काढावे लागतात. त्याला १२ने भागले की सुमारे १०७ एएच येतात. १५० एएचची बॅटरी पुरेल, वर काही शिल्लकही राहील, असे वाटते ते इथेच.

पण १५० हा आकडा कोणत्या परिस्थितीत मोजला, हे बॅटरीवर बारीक अक्षरांत ‘सी-२०’ असे छापलेले असते. त्याचा अर्थ, ७.५ अँपिअर इतक्या संथ प्रवाहाने २० तास वीज काढली तर एकूण १५० एएच मिळतात. वरच्या घरात मात्र प्रवाह जवळजवळ २७ अँपिअर आहे. शिसे-आम्ल बॅटरीतून वीज भराभर उपसली, की प्लेटच्या सूक्ष्म छिद्रांतले आम्ल लवकर वापरले जाते आणि बाहेरचे ताजे आम्ल तितक्या वेगाने आत पोहोचत नाही. बॅटरीत रसायन शिल्लक असूनही व्होल्टेज खाली येते आणि १०.५ व्होल्टच्या आसपास इन्व्हर्टर बंद पडतो. जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म प्यूकर्ट यांनी १८९७ मध्ये हा परिणाम सूत्रात मांडला. त्या हिशेबाने १५० एएचची नवी बॅटरी २७ अँपिअरला साधारण १२० एएचच देते. त्यातले १०७ रोज काढायचे म्हणजे दररोज तळ गाठायचा. असा वापर कोणत्याही शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य झपाट्याने खातो. शिवाय बॅटरी जुनी होत जाते. मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर आली, की ती बदलण्याच्या लायकीची झाली असे तंत्रज्ञ मानतात, आणि त्या शेवटच्या टप्प्यातही चार तास मिळायला हवेत.

या घराला योग्य बॅटरी २०० एएचची. तिच्यावर तोच प्रवाह तुलनेने हलका पडतो, त्यामुळे सुमारे १७० एएच मिळतात आणि जुनी झाली तरी काम भागते.

मात्र बॅटरी वाढवण्याआधी पंख्यांकडे पाहावे. बीएलडीसी, म्हणजे ब्रशविरहित डीसी, मोटरचा पंखा पूर्ण वेगाला साधारण ३० वॅट घेतो. दोन्ही पंखे बदलले तर भार २५६ वरून १६६ वॅटवर येतो, चार तासांची गरज ६९ एएचवर उतरते आणि १५० एएचची बॅटरी निवांत पुरते. पंख्यावरचा खर्च वीजबिलातल्या बचतीतून भरून निघतो. मोठ्या बॅटरीवरचा खर्च काही वर्षांनी पुन्हा करावा लागतो.

आकार ठरवताना चार्जिंगही विसरू नये. १०७ एएच काढले तर तूट धरून सुमारे १२० ते १३० एएच परत भरावे लागतात. १५ अँपिअरचा चार्जर असेल, आणि शेवटी प्रवाह मंदावतो हे लक्षात घेतले, तर दहा तास तरी लागतात. जिथे सकाळ-संध्याकाळ वीज जाते तिथे मोठी बॅटरी कायम अर्धवट भरलेली राहते, प्लेटवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि वाढवलेली क्षमता वाया जाते. अशा ठिकाणी बॅटरीइतकाच चार्जरचा प्रवाह महत्त्वाचा.

वीज भराभर उपसण्याचा परिणाम कॉम्प्युटरच्या लहान यूपीएसमध्ये अधिक तीव्र दिसतो. त्यातली १२ व्होल्ट, ७ एएचची बॅटरी ७ अँपिअर काढले तर तासभर नव्हे, अर्ध्या तासाच्या थोडी पुढे टिकते. ती काम जतन करून यंत्र बंद करण्यापुरतीच असते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला जलद उपशाचा फारसा फटका बसत नाही आणि तिचा ८० ते ९० टक्के साठा वापरता येतो; किंमत जास्त असते आणि इन्व्हर्टरमध्ये लिथियमसाठीची चार्जिंगची सोय असावी लागते.

दोन बॅटऱ्या जोडायच्या असतील तर एकाच क्षमतेच्या, एकाच वेळी घेतलेल्या असाव्यात. जुन्या बॅटरीशेजारी नवी लावली तर नवीही लवकर खराब होते. बॅटरी पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नये, कारण तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्म्यावर येते. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन बाहेर पडतो, म्हणून बंद कपाटही टाळावे. दुकानात जाताना उपकरणांचे वॅट आणि लागणारे तास लिहून न्यावेत, आणि पैसे देण्यापूर्वी बॅटरीवरचे ‘सी’ मानांकन व उत्पादनाची तारीख स्वतः वाचून पाहावी.