खिशातील चाकू आणि पेन्सिलीचे टोक

चाकू म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम उभा राहतो तो हिंदी चित्रपटांतील खलनायकाच्या हातातला, खटका दाबताच उघडणारा रामपुरी. वास्तविक पेन्सिलीला टोक काढणे, सुतळी कापणे, पेरूच्या फोडी करणे अशा किरकोळ कामांसाठी मिटणारा लहान चाकू जवळ बाळगण्याची रीत जगभर होती. एखाद्या अवजाराकडे समाज केवळ हत्यार म्हणून पाहू लागला, तर त्या अवजाराचे काय होते, हे जपानमधील ‘हिगोनोकामी’ या चाकूच्या इतिहासावरून समजते.

‘हिगोनोकामी’ म्हणजे हिगो प्रांताचा सुभेदार. हिगो हे आजच्या कुमामोतोचे जुने नाव. चाकू मात्र घडतो तो ह्योगो प्रांतातील मिकी या शहरात. सुतारकामाच्या हत्यारांसाठी हे शहर पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. १८९०च्या दशकात क्युशू बेटावरून आणलेल्या एका नमुन्यावरून तेथील कारागिरांनी हा चाकू घडवला. तो स्वस्त होता, टिकाऊ होता आणि खिशात सहज मावत होता. त्यामुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो जपानी शाळकरी मुलांच्या दप्तरातील नेहमीची वस्तू बनला.

त्याची रचना अत्यंत साधी आहे. पितळेचा किंवा लोखंडाचा पत्रा दुमडून मूठ केलेली असते. पाते एकाच खिळ्यावर फिरते. त्यात स्प्रिंग नाही आणि कळही नाही. पात्याच्या मागील टोकाला ‘चिकिरी’ नावाची लहानशी दांडी असते. ती अंगठ्याने दाबून चाकू उघडायचा आणि काम करतानाही अंगठा तिच्यावरच ठेवायचा, म्हणजे पाते मिटत नाही. उत्तम प्रतीच्या चाकूत कठीण पोलादाचा थर मऊ लोखंडाच्या दोन थरांमध्ये बसवलेला असतो. पोलादामुळे धार टिकते आणि लोखंडामुळे पाते सहसा तुटत नाही.

या चाकूचे दिवस फिरले ते १९६०मध्ये. १२ ऑक्टोबर रोजी जपानच्या समाजवादी पक्षाचे अध्यक्ष इनेजिरो असानुमा यांची तोक्योतील एका जाहीर सभेत सतरा वर्षांच्या युवकाने हत्या केली. त्याच्या हातात खिशातला चाकू नव्हता. ती आखूड तलवार होती. तरीही ‘मुलांच्या हाती चाकू नको’ अशी मोहीम देशभर सुरू झाली. त्याच सुमारास पेन्सिलीला टोक काढणारी यंत्रे घरोघरी आली. मागणी आटली, मिकीतील एकेक कार्यशाळा बंद पडत गेली आणि परंपरेने चालत आलेले ‘हिगोनोकामी’ हे नाव लावून चाकू घडवणारे एकच घराणे उरले.

या कथेला दुसरी बाजूही आहे. नागानो प्रांतातील इकेदा येथील एका प्राथमिक शाळेत १९८०च्या दशकापासून पहिलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाला हा चाकू दिला जातो. मुले त्याने पेन्सिली तासतात. बोट कधीतरी कापते. पण धारेची जाणीव येते आणि दुसऱ्याला इजा म्हणजे काय, हेही उमगते, असा यामागील विचार आहे.

असे पारंपरिक चाकू जमवणाऱ्यांनी ते काचेच्या कपाटात ठेवण्यापेक्षा वापरावेत, हे उत्तम. कैरी किंवा लिंबू कापल्यावर साध्या पोलादाचे पाते काळसर पडते. तो गंज नव्हे. मात्र पाते ओले राहिले तर गंज चढतोच. म्हणून वापरानंतर ते कोरडे पुसावे आणि तेलाचा पुसट हात द्यावा. धार लावताना पात्याची उतरती बाजू निसण्यावर संपूर्ण टेकवावी. पाते सैल झाल्यास खिळ्यावर हातोडीचे हलके ठोके पुरतात.

कायद्याचे भान मात्र हवे. जपानमध्ये साधारणपणे सहा सेंटिमीटरपेक्षा लांब पाते सबळ कारणाविना जवळ बाळगता येत नाही; मिटणाऱ्या लहान चाकूंना काही अटींवर थोडी सवलत आहे. भारतात शस्त्र नियमांनुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारे परवान्याच्या कक्षेत येतात. घरगुती, शेतीच्या वा उद्योगाच्या कामासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. तरीही पोलिसांचे शस्त्रबंदीचे आदेश लागू असताना, तसेच सभा, न्यायालय अशा ठिकाणी चाकू घरीच ठेवणे शहाणपणाचे. विमानप्रवासात तो हातातील सामानात नेता येत नाही.

आपल्याकडेही अडकित्ता पानदानातून संग्रहालयात गेला. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्ते पाहताना कारागिरीचे कौतुक वाटते, पण ते चालवणारे हात आता विरळ झाले आहेत. अवजार जतन करायचे, तर ते वापरण्याची रीतही पुढच्या पिढीच्या हाती द्यावी लागते. सुरुवात एखाद्या पेन्सिलीपासून करता येईल. वडीलधाऱ्यांनी शेजारी बसावे, एवढेच.