पोराटोरांसह नैरोबी

मुंबईहून थेट विमान पकडलं तर सहा-साडेसहा तासांत नैरोबी येतं. घड्याळ मात्र अडीच तास मागे जातं, त्यामुळे घरी सातला उठणारं पोर इथे पहाटे साडेचारलाच टक्क जागं होऊन ‘आता काय?’ म्हणून विचारू लागतं. दुसऱ्या एखाद्या शहरात आईबापांनी कपाळाला हात लावला असता. नैरोबीत याचं सोनं करता येतं. नैरोबी नॅशनल पार्कचं फाटक सहाला उघडतं, विषुववृत्त जवळ असल्यामुळे बारा महिने साडेसहाच्या आगेमागे उजाडतं आणि सिंह, गेंडे वगैरे मंडळी दिसायची तर याच वेळेत दिसतात.

हे उद्यान १९४६ साली झालं, केनियातलं पहिलं. क्षेत्र ११७ चौरस किलोमीटर, म्हणजे आफ्रिकेच्या हिशेबाने चिमूटभरच. पण शहराच्या मध्यापासून ते सात किलोमीटरवर आहे. तिन्ही बाजूंनी कुंपण, दक्षिणेकडची बाजू जनावरांना जायला-यायला मोकळी. झेब्रे चरताहेत, मागे उंच इमारतींची रांग आणि मधूनच उद्यानावरून उंच खांबांवर गेलेला रेल्वेमार्ग, असं दृश्य इथे नेहमीचं. जिराफ, रानरेडे, शहामृग आणि काळे गेंडे भेटतात. सिंहाची खात्री कुणीच देत नाही. हत्ती मात्र इथे मोकळे फिरत नाहीत, हे मुलांना आदल्या रात्रीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर सकाळभर ‘हत्ती कुठाय?’ सुरू राहतं.

पाच वर्षांच्या आतलं मूल बरोबर असेल तर मसाई मारा पुढच्या वेळेसाठी ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथवर मोटारीने पाच-सहा तास आणि पोचल्यावर पुन्हा जीपमध्येच बसायचं. काही कॅम्प तर लहान मुलांना घेतच नाहीत. इथे तीन तासांत काम होतं आणि मूल कंटाळलं की गाडी वळवून जेवायच्या वेळेला खोलीवर परतता येतं. ठरावीक जागा सोडल्या तर गाडीतून उतरायची परवानगी नाही, म्हणून शू वगैरे फाटकापाशीच उरकून घ्यावी. खाऊचा डबा उघडताना बबूनांवर लक्ष हवं. चिप्सचं पाकीट त्यांना आपल्या मुलांपेक्षा आधी दिसतं. प्रवेशशुल्क ऑनलाइन भरावं लागतं.

हत्तींची भूक भागते ती उद्यानाला लागूनच असलेल्या शेल्ड्रिक संस्थेच्या अनाथालयात. डॅफ्नी शेल्ड्रिक यांनी पती डेव्हिड यांच्या स्मरणार्थ १९७७ साली ही संस्था उभी केली. शिकारीत आई गेलेली, विहिरीत पडलेली किंवा दुष्काळात मागे राहिलेली पिल्लं इथे वाढवतात. लोकांना रोज अकरा ते बारा असा एकच तास आत सोडतात आणि आधी नाव नोंदवावं लागतं. अकरा वाजले की झाडीतून पिल्लांची ओळ दुडुदुडु धावत येते. हिरव्या डगल्यातला रखवालदार दुधाची भलीमोठी बाटली तोंडाला लावतो. ती दोन घोटांत रिकामी होते आणि पिल्लू शेजाऱ्याच्या बाटलीकडे सोंड वळवतं. मग लाल चिखलात लोळण. दोरीच्या अलीकडे उभ्या असलेल्यांच्या अंगावरही शिंतोडे उडतात, म्हणून पांढरे कपडे नकोत.

या पिल्लांना रात्रंदिवस दर तीन तासांनी दूध लागतं आणि रखवालदार त्यांच्या शेजारीच झोपतात. तान्हं बाळ घेऊन आलेल्या आईला त्या माणसांच्या डोळ्यांतली झोप बरोबर ओळखू येते. पिल्लाला एकाच माणसाचा लळा लागू नये म्हणून रखवालदारांच्या पाळ्या बदलतात. त्यामागे एक दुःखद अनुभव आहे. डॅफ्नीबाईंनी वाढवलेलं आयेशा नावाचं पिल्लू, त्या लेकीच्या लग्नाला गेल्या तेवढ्या दिवसांत झुरून गेलं. मोठी झालेली पिल्लं पुढे त्साव्होच्या जंगलाकडे पाठवतात.

तिथून मोटारीने थोडं पुढे लँगाटातलं जिराफ केंद्र. १९७०च्या दशकात रॉथचाइल्ड जातीचे जिराफ केनियात शंभर-दीडशेच उरले होते. जॉक आणि बेटी लेस्ली-मेलविल या दांपत्याने त्यातलं एक पिल्लू घरी आणून वाढवलं आणि त्यातूनच हे केंद्र उभं राहिलं. गुडघ्याखाली ठिपके नाहीत, जणू पांढरे मोजे घातलेत, ही या जातीची खूण मुलं पटकन पकडतात. उंच माचीवर उभं राहिलं की जिराफाचं डोकं थेट आपल्यासमोर येतं. तळहातावर खाद्याची गोळी ठेवायची, मग ती करडी, लांबलचक, खरखरीत जीभ येऊन ती अलगद उचलून नेते. तीन वर्षांचं मूल इथे हमखास आधी किंचाळतं आणि लगेच दुसरी गोळी मागतं. जिराफ डोक्याने ढुशी देतो, तेव्हा मुलाला एका हाताने धरून ठेवावं.

हे दोन्ही एकाच दिवशी होतं. त्यात तिसरं काही कोंबू नये. नैरोबीची वाहतूक ही पुण्या-मुंबईकरांनासुद्धा नमवणारी चीज आहे. दहा किलोमीटरला वीस मिनिटं लागतील की दीड तास, हे देवालाच ठाऊक. ढोल बडवल्यासारखं संगीत लावून जाणाऱ्या रंगीबेरंगी माटाटू, म्हणजे इथल्या खासगी मिनीबस, मुलांना खिडकीतून दाखवाव्यात, चढू मात्र नये. मोबाइलवरून गाडी बोलवावी, गाडीत लहान मुलाची सीट मिळेल अशी आशा धरू नये आणि अंधार पडल्यावर पायी फिरू नये. बाबागाडी घरीच ठेवलेली बरी. फुटपाथ असला तरी मध्येच संपतो. इथल्या बायका पोर पाठीशी कापडात घट्ट बांधून निवांत चालतात, तेच शहाणपणाचं.

आगगाडीचं वेड असलेल्या मुलांना रेल्वे म्युझियममध्ये सोडावं. हे शहर जन्मलंच मुळी रेल्वेपोटी. १८९९ साली मोंबासाहून युगांडाकडे निघालेल्या लोहमार्गावरचा एक तळ, बस्स. तो मार्ग घालायला हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर आणले होते, त्यांतले अडीच हजारांच्या आसपास मेले. म्युझियमच्या आवारात जुनी वाफेची इंजिनं उभी आहेत आणि त्यांच्या केबिनमध्ये चढता येतं. १९०० साली किमा स्थानकात नरभक्षक सिंहाने पोलीस अधिकारी राइल यांना ज्या डब्यातून ओढून नेलं, तो डबाही आहे. गोष्ट दिवसाउजेडी सांगावी.

मुलांना नुसतंच धावायला हवं असेल तर करुरा जंगल. शहराच्या उत्तरेला हजार हेक्टर झाडी, भाड्याच्या सायकली, धबधबा आणि माकडं. ही जमीन बिल्डरांच्या घशात जाणार होती. पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी मथाई १९९९ साली तिथे झाडं लावायला गेल्या तेव्हा त्यांना मारहाण झाली. पुढे २००४ साली त्यांना शांततेचं नोबेल मिळालं.

जेवणाचा प्रश्न इथे भारतीय आईबापांना पडतच नाही. चपाती, सामोसे, दुधाचा चहा हे केनियन घराघरांतलं खाणं आहे, पार्कलँड्स भागात तर डाळभातापासून चाटपर्यंत सगळं मिळतं. शहरात महाराष्ट्र मंडळही आहे. हॉटेलात पोर रडलं तर शेजारचे आठ्या घालत नाहीत, उलट वाढणारी बाईच त्याला कडेवर घेऊन चक्कर मारून आणते.

सामान भरताना दोन गोष्टी. आफ्रिका म्हणजे उकाडा या समजुतीत सुती झबली भरून निघू नका. शहर १,७०० मीटरच्या वर आहे, जून ते ऑगस्टमध्ये पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, स्वेटर-कानटोपी लागतेच. उंचीमुळे शहरात मलेरियाचा धोका कमी आहे, किनाऱ्याकडे जाणार असाल तर डॉक्टरांना विचारावं. दुसरं, प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर २०१७ पासून बंदी आहे, तेव्हा लंगोट आणि ओले कपडे कापडी पिशवीतच भरावेत. नॅशनल पार्कमध्ये पाण्याची विकतची प्लास्टिक बाटलीही चालत नाही.

आणि पिवळ्या तापाची लस. निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. एकदा घेतली की आयुष्यभर पुरते. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला ती देत नाहीत, त्यामुळे इतकं तान्हं मूल असेल तर बेत पुढे ढकलावा. दाखल्याचं पिवळं कार्ड सगळ्यांचं, मुलांचंसुद्धा, हातातल्या पिशवीत ठेवावं. परतताना मुंबई विमानतळावर ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात.