तबकडीची गिरकी आणि मनगटाचा झटका



प्लास्टिकची उडती तबकडी, म्हणजेच फ्रिस्बी, तुमच्यापैकी बहुतेकांनी केव्हा ना केव्हा हातात घेतली असेल. सहलीत चौपाटीवर किंवा शाळेच्या मैदानावर ती फेकूनही पाहिली असेल. पहिल्या दोन-चार फेकींत काय झाले, तेही बहुधा सर्वांच्या बाबतीत सारखेच असणार. तबकडी हातातून सुटताच डगमगली, एका अंगावर कलंडली आणि कडेवर आपटून भलतीकडेच घरंगळत गेली. मग शेजारी उभा असलेला कोणी जाणता म्हणाला, "अरे, जोर लाव जोर!" तुम्ही जोर लावला आणि तबकडी आधीपेक्षाही लवकर आपटली.

हा सल्ला चुकीचा आहे आणि त्याने नुकसान होते. अंगाने किरकोळ असलेली, संघ निवडताना ज्यांचे नाव नेहमी सर्वांत शेवटी घेतले जाते अशी मुलेमुली 'आपल्या हातात ताकदच नाही' असे समजून तबकडी खाली ठेवतात. प्रत्यक्षात त्यांच्या फेकीत उणीव असते ती जोराची नव्हे, गिरकीची. गिरकी येते मनगटातून, आणि ती दहा फुटांच्या खोलीतही शिकता येते. कशी, ते आपण पाहणारच आहोत. परंतु सराव नेमका कशाचा करायचा हे उमगले, तर तो निम्म्या वेळात होतो. म्हणून आधी थोडे विज्ञान.

अल्टिमेट फ्रिस्बी या सांघिक खेळात वापरतात ती तबकडी १७५ ग्रॅम वस्तुमानाची आणि सुमारे २७ सेंटिमीटर व्यासाची असते. म्हणजे तिचे वजन झाले सुमारे १.७ न्यूटन आणि क्षेत्रफळ सुमारे ५७० चौरस सेंटिमीटर. आता भागाकार करा. तबकडी हवेत तोलून धरण्यासाठी तिच्या खालच्या आणि वरच्या बाजूंच्या दाबांत दर चौरस मीटरला सरासरी ३० न्यूटन एवढाच फरक पुरतो. हा फरक किती? पेल्यातल्या ३ मिलिमीटर उंचीच्या पाण्याचा तळावर जेवढा दाब पडतो, तेवढा. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब दर चौरस मीटरला एक लाख न्यूटनच्या घरात असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे तबकडीची मागणी किती माफक आहे ते कळते.

हा फरक निर्माण होतो तो तबकडीच्या गतीमुळे. पुढे जाताना तिची पुढची कड किंचित वर उचललेली असते. तबकडीला वळसा घालून जाणारी हवा त्यामुळे खाली वळते, आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे हवा तबकडीला वर रेटते. सेकंदाला १२ मीटर वेगाने जाणाऱ्या तबकडीला आपले वजन पेलण्यासाठी सात-आठ अंशांचा कल पुरेसा होतो. (जाता जाता शिक्षकांसाठी: 'वरून जाणाऱ्या हवेला लांबचा पल्ला असतो आणि तिला खालच्या हवेला त्याच क्षणी गाठायचे असते, म्हणून ती वेगाने धावते' असे स्पष्टीकरण कित्येक पुस्तकांत आढळते. वरची हवा वेगाने जाते हे खरे; पण खालच्या हवेला गाठण्याचे बंधन तिच्यावर कोणीही घातलेले नाही.)

मग गिरकीचे काम काय? पुष्कळांना वाटते, गिरकीमुळे तबकडी उडते. तसे नाही. उचलून धरते ती हवा. गिरकी फक्त तबकडीला उलथू देत नाही. हवेचा हा वरचा रेटा तबकडीच्या बरोबर मध्यावर पडत नाही. वेग कमी होऊन तबकडी खाली येऊ लागली की तो मध्याच्या पुढे सरकतो आणि पुढची कड आणखी वर उचलू पाहतो. न फिरणारी तबकडी अशा वेळी सरळ कोलांटी खाते. फिरणारी तबकडी मात्र भोवऱ्यासारखी वागते. न फिरणारा भोवरा आरेवर क्षणभरही उभा राहत नाही. फिरणारा भोवरा कलला तरी पडत नाही, तर डुलत डुलत गोल फिरतो. फिरत्या वस्तूवर उलथवणारे बल लावले, की तिचा अक्ष बलाच्या दिशेने न झुकता त्याच्याशी काटकोनात सरकतो. यालाच परांचन म्हणतात. शाळेत सायकलचे सुटे चाक असेल तर त्याचा आस दोन्ही हातांत धरा, मित्राला चाक जोराने फिरवायला सांगा आणि आस तिरपा करू पाहा. चाक भलत्याच बाजूला वळू लागते. तो अनुभव एकदा घेतलेला बरा. वर्गातल्या फळ्यावर तो येत नाही.

तबकडीचेही तसेच होते. उजव्या हाताने, शरीरासमोरून फेकलेली तबकडी वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. हवा तिची पुढची कड उचलू पाहते, पण प्रत्यक्षात हळूहळू खाली झुकते ती डावी बाजू. म्हणून अशी फेक शेवटी शेवटी डावीकडे वळते. गिरकी जितकी जोरदार, तितके हे वळणे सावकाश. तबकडीची कड जाड ठेवण्याचे कारणही हेच. कुंभाराच्या चाकाप्रमाणे वस्तुमान कडेकडे असले, म्हणजे एकदा मिळालेली गिरकी सहजासहजी हटत नाही.

इतका विचार ही वस्तू बनवणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी केला नव्हता. अमेरिकेतील फ्रेड मॉरिसन हा तरुण १९३७-३८ च्या सुमारास केक भाजण्याच्या पत्र्याच्या थाळ्या फेकून खेळत असे आणि समुद्रकिनाऱ्यावर विकतही असे. १९४८ मध्ये त्याने प्लास्टिकची तबकडी आणली. उडत्या तबकड्या पाहिल्याच्या बातम्या तेव्हा गाजत होत्या, त्यांचाही त्याला फायदा झाला. १९५७ मध्ये व्हॅम-ओ या कंपनीने तिचे हक्क घेतले आणि फ्रिस्बी हे नाव रूढ केले. पुढे त्याच कंपनीच्या एड हेड्रिकने माथ्यावर, कडेजवळ, उंचवट्यांच्या वर्तुळाकार रेषा घातल्या; त्याचे एकस्व १९६७ मध्ये मंजूर झाले. या रेषा शोभेसाठी नाहीत, उड्डाण स्थिर व्हावे म्हणून आहेत.

अल्टिमेट हा खेळ मात्र कोणा कंपनीने काढला नाही. १९६८ मध्ये न्यू जर्सीतील मेपलवूड गावच्या कोलंबिया हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी तो सुरू केला, आणि तोही शाळेच्या वाहनतळावर. जोएल सिल्व्हर हा त्यांच्यातला पुढाकार घेणारा. तुमच्याच वयाच्या मुलांनी नियम लिहून काढले आणि १९७० मध्ये शेजारच्या शाळेशी सामना खेळला. आज हा खेळ जगभर, आणि आपल्याकडेही चेन्नई, बंगळूर, मुंबई, पुणे अशा शहरांत खेळला जातो. प्रत्येक बाजूला सात खेळाडू; कित्येक स्पर्धांत मुलगे आणि मुली एकाच संघात. मैदान १०० मीटर लांब, दोन्ही टोकांना १८-१८ मीटरचे गोलक्षेत्र. समोरच्या गोलक्षेत्रात सहकाऱ्याने तबकडी झेलली की गुण. तबकडी हातात असताना धावायचे नाही. एक पाय जमिनीला रोवून दुसरा हवा तसा फिरवायचा आणि प्रतिस्पर्ध्याने दहा मोजण्याच्या आत ती फेकायची. फेक जमिनीवर पडली की तबकडी दुसऱ्या संघाची.

म्हणजे या खेळात लागते काय, तर नेमकी फेक, खात्रीचा झेल आणि रोवलेला पाय. आता घरी चला.

ओला पंचा वाळत घालण्यापूर्वी आपण तो झटकतो, तेव्हा हात पुढे जातो आणि एकाएकी थांबतो; टोक मात्र फटकन पुढे निघते. तबकडीचा झटका असाच असतो. अंगठा वर, तर्जनी कडेला टेकवलेली, बाकीची बोटे खाली आतून मुडपलेली, ही झाली बॅकहँडची पकड. दोरीवर जाड चादर टांगा, अडीच-तीन मीटरवर गुडघे टेकून बसा आणि चादरीत फेका. गुडघ्यांवर बसल्याने शरीराचा जोर आपोआप बंद होतो आणि मनगटाला काम करावेच लागते. तबकडीवर मध्यापासून कडेपर्यंत पांढरी चिकटपट्टी लावून ठेवा. फेक सावकाश, पण पट्टी दिसेनाशी व्हावी इतकी गिरकी, हे साधायचे आहे. पट्टी फिरताना स्पष्ट दिसली तर समजा की हात फेकतो आहे, मनगट नाही. घरातल्या मोबाइलमध्ये मंदगती चित्रीकरण असेल तर गिरकी मोजताही येते. सेकंदाला २४० चित्रे घेतली आणि पट्टी ३० चित्रांत पुन्हा मूळ जागी आली, तर गिरक्या झाल्या सेकंदाला आठ. तेवढ्या आल्या म्हणजे मैदानात पुष्कळ काम भागते. रोज दहा फेकींची सरासरी वहीत लिहा. खोलीतला पंखा बंद ठेवा, आणि इमारतीच्या गच्चीवर सराव करू नका. खाली रस्ता असतो.

फोरहँड अवघड वाटतो, पण त्यातही रहस्य तेच. तर्जनी आणि मधले बोट कडेच्या आतून, अंगठा वर, तळवा आकाशाकडे, कोपर कमरेजवळ. नवशिक्यांची फोरहँड तबकडी बहुतेक वेळा कडेवर उभी राहून जमिनीवर आदळते, कारण सुटताना तिची शरीरापासून दूरची कड वर उचललेली असते. ती कड जरा खालीच ठेवा. इथे गिरकी घड्याळाच्या उलट दिशेने असते, म्हणून शेवटचे वळणही उलट, उजवीकडे.

झेल शिकायला तर दुसरा माणूसही लागत नाही. तबकडी फिरवून हातभर वर उडवा आणि दोन तळव्यांमध्ये, एक वर एक खाली, भाकरी थापताना हात असतात तसे, पकडा. मैदानात छातीच्या उंचीवर आलेली प्रत्येक तबकडी अशीच घ्यावी. एका हाताचा झेल दिसतो छान, पण नव्या खेळाडूच्या संघाला तो महागात पडतो. डोक्यावरून जाणारी तबकडी धरताना अंगठे खाली, गुडघ्याखालची धरताना अंगठे वर.

सवंगडी मिळाला की पाच मीटरवर समोरासमोर उभे राहा. सलग दहा झेल झाले की दोघांनीही एक पाऊल मागे. एक सुटला की एक पाऊल पुढे. अंतर वाढवण्याची घाई करणारी जोडी पुन्हा पुढे येते, असा माझा अनुभव आहे. तिसरा आला तर त्याला फेकणाऱ्यासमोर उभे करा. त्याने हात पसरून मोठ्याने दहापर्यंत मोजायचे, फेकणाऱ्याने डावा पाय खडूच्या वर्तुळात रोवून उजवा कधी इकडे तर कधी तिकडे टाकत वाट काढायची. डावखुऱ्याने उलट.

यानंतर धावत्या मित्राकडे फेकणे. तो सेकंदाला ५ मीटर वेगाने आडवा धावतो आहे, तुम्ही १८ मीटरवर, आणि तबकडीचा सरासरी वेग १२ मीटर. तबकडीला लागतो दीड सेकंद. तेवढ्यात मित्र साडेसात मीटर पुढे गेलेला असतो. तो जिथे आहे तिथे फेकलेली तबकडी त्याला कधीच मिळत नाही, आणि दोष मात्र त्याच्या धावण्याला दिला जातो.

वाऱ्याचेही असेच गणित आहे. हवेचा रेटा सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. समोरून ४ मीटरचा वारा आला तर १२ चे १६ होतात आणि रेटा जवळजवळ पावणेदोन पट होतो. तबकडी भसकन वर चढते. म्हणून समोरच्या वाऱ्यात पुढची कड थोडी दाबून, जास्त गिरकी देऊन फेकावे. पाठीमागून तेवढाच वारा असेल तर १२ चे उरतात ८, आणि रेटा निम्म्याहूनही कमी. वारा मदतीला आहे असे मानून बेफिकीर फेकलेली तबकडी वाटेतच खाली बसते.

एक गोष्ट घरी शिकता येत नाही. अमेरिकेतील व्यावसायिक सामने सोडले तर अल्टिमेटमध्ये पंच नसतो. जागतिक स्पर्धांतही नाही. धक्का लागला का, पाय रेषेबाहेर होता का, हे दोन्ही बाजूंचे संबंधित खेळाडूच बोलून ठरवतात. एकमत झाले नाही तर बहुधा तबकडी आधीच्या फेकणाऱ्याकडे परत जाते आणि खेळ पुढे चालू होतो. विटीदांडू आणि लगोरी खेळणाऱ्यांना यात नवल वाटू नये. पण सरावातसुद्धा, झेल जमिनीला टेकून आला असेल तर तसे स्वतःहून सांगण्याची सवय पहिल्या दिवसापासून ठेवा. गुण मोजायला सुरुवात झाल्यावर ती लावून घेणे फार कठीण जाते.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. डावखुऱ्या खेळाडूने फेकलेला बॅकहँड शेवटी कोणत्या बाजूला झुकेल? आणि त्याचाच फोरहँड? आधी वहीत गिरकीची दिशा बाणाने काढा, मग मैदानात जाऊन पडताळा.